चिंचपाड्याहून बर्फात स्कीइंगला जायचंय? आधी सिकलसेल तपासा, मग खर्चाचा हिशोब मांडा

चिंचपाडा (ता. नवापूर) : थंडी वाढली की डाब, वालंबा भागात दवबिंदू गोठल्याचे फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतात. पण तो पांढरा थर ऊन आलं की विरघळतो. गुडघाभर बर्फ बघायचा आणि पायाला पट्ट्या बांधून त्यावरून घसरत खाली यायचं, म्हणजे स्कीइंग करायचं, तर हिमाचल, उत्तराखंड नाहीतर काश्मीर गाठावं लागतं. रील बघून गावातली पोरं विचारतात, "हे फक्त पैसेवाल्यांचं काम आहे का? आपल्याला जमेल का?"

जमेल. रेल्वेचा स्लीपर डबा, साधी बस आणि सरकारी संस्थेचा कोर्स असं गणित बसवलं तर नोकरी किंवा मजुरी करणाऱ्या तरुणालाही वर्षभर थोडे थोडे पैसे साठवून हे करता येतं. पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसासाठी तिकिटाच्या आधी एक काम आहे. त्याला पैसा लागत नाही. ते टाळलं तर मात्र जिवावर बेतू शकतं.

पहिलं काम : सिकलसेलची तपासणी

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. हा आजार आई-वडिलांकडून येतो. शरीरात ऑक्सिजन कमी पडला की अशा माणसाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. कडक थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, जास्त दमणूक आणि उंचावरची विरळ हवा या चार गोष्टींनी हा त्रास उफाळतो. स्कीइंगला गेल्यावर या चारही गोष्टी एकाच दिवशी भेटतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी होते. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. तुमची तपासणी झाली असेल तर कार्ड शोधून काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते बघा.

'एए' म्हणजे सिकलसेल नाही. बाकी तब्येत चांगली असेल तर तयारीला लागा.

'एएस' म्हणजे वाहक. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो. शेतात राबतो, क्रिकेट खेळतो. पण उंचावर आणि जोरदार दमणुकीत क्वचित कधी वाहकाच्याही प्लीहेला इजा होते. म्हणून डॉक्टरांना "इतक्या उंचीवर, इतके दिवस, बर्फात व्यायाम करायचा आहे" असं स्पष्ट सांगूनच ठरवा.

'एसएस' म्हणजे रुग्ण. त्यांनी हा बेत करू नये. मित्रांनीही "चल रे, काही होत नाही" म्हणून आग्रह धरू नये.

कोर्सच्या फॉर्मसोबत डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र लागतं. त्या साध्या तपासणीत सिकलसेल दिसेलच असं नाही. त्यामुळे ही चाचणी आपणच मागून घ्यायची.

उंचीचा अंदाज कसा घ्यायचा?

धनत्रयोदशीला अस्तंब्याची यात्रा चालून आलेल्यांना चढावरचा दम माहीत आहे. अस्तंबा शिखर साधारण १,३०० मीटर उंच आहे. मनालीजवळचं सोलंग साधारण २,५०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास दुप्पट. काश्मीरमधलं गुलमर्ग साधारण २,६५० मीटर. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे पाळण्याच्या रोपवेचा, दुसरा टप्पा तर ३,९०० मीटरच्याही वर नेतो. पहिल्या खेपेला त्या टप्प्याचा मोह टाळलेला बरा. नवशिक्याची घसरगुंडी खालीच असते.

उंची बघून घाबरायचं मात्र कारण नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य'मध्ये एव्हरेस्ट सर केलं. त्यामागे कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण आणि डॉक्टरांच्या तपासण्या होत्या. आपल्याला एव्हरेस्ट चढायचं नाही, पण तयारीची रीत तीच.

कुठे जायचं?

मनाली-सोलंग (हिमाचल) : आपल्याकडून जाणाऱ्या नवशिक्याला सगळ्यात सोयीचं. सोलंग मनालीपासून १३-१४ किलोमीटर आहे. मनालीत हिमाचल सरकारची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे. ही संस्था १९६१ पासून चालू आहे आणि हिवाळ्यात स्कीइंगचे कोर्स घेते.

औली (उत्तराखंड) : इथला उतार उत्तम. गढवाल मंडल विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे कोर्स घेतं. मात्र जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा औलीचा रोपवे बंद करण्यात आला. त्यामुळे रस्त्याने जायच्या तयारीने निघा आणि आधी फोन करून खात्री करा.

गुलमर्ग (काश्मीर) : बर्फ सगळ्यात भारी. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग संस्था इथेच आहे. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वेही सुरू झाली. पण प्रवास लांबचा आणि खर्च जास्त. आणखी एक गोष्ट, आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं.

कोर्स करायचा की तासावर शिकायचं?

सोलंगला रस्त्याच्या कडेला सूट, बूट, स्की भाड्याने देणारे बरेच भेटतात. "एक तास, इतके रुपये" असा भाव असतो. त्या तासातला निम्मा वेळ बूट घालण्यात आणि फोटो काढण्यात जातो. शिकणं होत नाही, पैसे मात्र जातात.

सरकारी कोर्सच्या फीमध्ये राहणं, जेवण, स्कीचं सामान आणि शिकवणारा माणूस हे सगळं येतं. एकदा फी भरली की रोज पाकीट काढावं लागत नाही. कमी पैशात खरंच शिकायचं असेल तर कोर्सच परवडतो. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात. जागा लवकर भरतात, म्हणून पावसाळा संपता संपता संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर बघायला सुरुवात करा. पैसे फक्त संस्थेच्या खात्यावर भरा. व्हॉट्सॲपवर आलेल्या एजंटच्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका.

कसं जायचं?

चिंचपाडा किंवा नवापूरहून पॅसेंजरने सुरत. सुरतहून दिल्लीला रात्रीच्या गाड्या आहेत. दिल्लीत मेट्रोने काश्मीरी गेट बसस्थानक गाठायचं. तिथून हिमाचल परिवहनची साधी बस संध्याकाळी निघाली की सकाळी मनालीत सोडते. अंतर साधारण ५३० किलोमीटर.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १० जानेवारीची गाडी पकडायची तर ११ नोव्हेंबरला सकाळीच तिकीट काढायला बसा. परतीचं तिकीटही आधीच काढा. कोर्स संपल्यावर एक दिवस मोकळा ठेवा, कारण बर्फ जास्त पडला की डोंगरातला रस्ता बंद होतो.

बर्फासाठी जानेवारी-फेब्रुवारी योग्य. होळीनंतर उशीर होतो. आणि बर्फाची हमी कोणीच देऊ शकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला बर्फ कमी पडल्यामुळे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धासुद्धा मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. म्हणून कोर्स पुढे गेला किंवा रद्द झाला तर फी परत मिळते का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

एका माणसाचा हिशोब

हे ढोबळ आकडे आहेत. निघण्याआधी आजचे दर बघून दुरुस्त करा.

- चिंचपाडा-सुरत-दिल्ली-मनाली जाऊन येऊन (पॅसेंजर, स्लीपर, साधी बस) : ३,४०० रुपये
- चार दिवसांच्या प्रवासातलं जेवण-चहा : १,६०० रुपये
- कोर्सच्या आधी आणि नंतर एकेक मुक्काम, खोली वाटून : १,५०० रुपये
- कपडे : २,००० रुपये
- अडीअडचणीसाठी, हात न लावता ठेवायचे : ३,५०० रुपये

एकूण १२,००० रुपये. यात कोर्सची फी मिळवा. फी सोडून हे पैसे जमवायला दहा महिने दरमहा १,२०० रुपये बाजूला टाकावे लागतात. चार मित्रांनी मिळून भिशी लावली तर ते सोपं जातं. पण ऊसतोडीची उचल घेऊन किंवा मोबाईल ॲपवरून कर्ज काढून जाऊ नका. बर्फ आठ दिवसांचा, हप्ता वर्षभराचा.

कपडे : नवीन घेण्याआधी घरातलं बघा

सुती कपडा ओला झाला की लवकर वाळत नाही आणि अंग गार पडतं. जीन्सचंही तेच. आतून अंगाला चिकटून बसणारा थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वरून वारा-पाणी अडवणारं जाकीट. आपला पावसाळ्यातला चांगला रेनकोट वरच्या थराचं काम बऱ्यापैकी करतो. लोकरीचे मोजे तीन जोड घ्या. पाणी न शिरणारे हातमोजे आणि चांगला गॉगल यात मात्र काटकसर नको. बर्फावरून परतणारं ऊन डोळे भाजतं. कोर्सला जाणाऱ्यांनी संस्थेची सामानाची यादी बघूनच खरेदी करावी.

पहिल्या दिवशी काय शिकवतात?

बूट स्कीला एका चापाने अडकतो. जोरात पडल्यावर तो चाप आपोआप सुटतो, म्हणजे पाय पिरगळत नाही. तो चाप तुमच्या वजनाप्रमाणे लावला जातो, म्हणून वजन खरं सांगा. सुरुवातीला दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून, पायाने त्रिकोण करून वेग कमी करायला शिकवतात. मागे झुकलं की ताबा जातो. गुडघे वाकवून अंग थोडं पुढे ठेवायचं. पडायची वेळ आली तर कुशीवर पडायचं, हात टेकायचा नाही.

सगळा जोर मांड्या आणि गुडघ्यांवर येतो. निदान दीड महिना आधीपासून रोज उठाबशा आणि जवळच्या टेकडीवर चढ-उतार सुरू करा.

वर गेल्यावर हे विसरू नका

पहिला दिवस आराम. तहान लागली नाही तरी कोमट पाणी पीत राहा. "थंडी घालवायला" दारू पिऊ नका. दारूने अंग गरम वाटतं, पण शरीरातली ऊब उलट लवकर बाहेर जाते आणि पाणीही कमी होतं. थंडीत मोबाईलची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फक्त ऑनलाइन पैशांवर राहू नका, थोडी रोकड जवळ ठेवा. आयुष्मान कार्ड असेल तर सोबत घ्या, योजनेतल्या रुग्णालयात ते दुसऱ्या राज्यातही चालतं.

डोकं ठणकतंय, उलटी होतेय, बसल्या जागी दम लागतोय, तर शिक्षकाला लगेच सांगा आणि खाली उतरा. वाहक असाल आणि डाव्या बरगडीखाली जोरात दुखायला लागलं, तर "गॅस झाला असेल" म्हणून थांबू नका. तिथल्या डॉक्टरांना सिकलसेलची सवय नसेल, म्हणून "मी सिकलसेलचा वाहक आहे" हे वाक्य स्वतः बोला आणि कार्ड दाखवा. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि सोबतच्या मित्राकडेही द्या.

बर्फ पुढच्या वर्षीही पडेल. यंदा निदान आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी तरी करून घ्या. स्कीइंगला गेलात नाही तरी तो कागद लग्न ठरवताना आणि उद्या मूल होताना उपयोगी पडणारच आहे.