एका मिनिटाची बातमी आणि एक अनोळखी शब्द

दूरचित्रवाणीवरील बातम्या म्हटले की रात्रीचे सविस्तर बातमीपत्र आपल्या डोळ्यांसमोर येते. फिलिपिन्समध्ये त्याच्या जोडीला आणखी एक प्रकार रुजला. मालिका व करमणुकीचे कार्यक्रम चालू असता अधूनमधून, बहुधा तासातासाने, एखाद-दोन मिनिटांचे बातमीपत्र दाखविले जाई. एबीएस-सीबीएनचे ‘न्यूज पॅट्रोल’ आणि जीएमएचा ‘फ्लॅश रिपोर्ट’ ही त्याची परिचित उदाहरणे होत.

या प्रकाराला त्या भूमीचेच कारण आहे. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशाच्या परिसरात वर्षाला सरासरी वीस चक्रीवादळे येतात. सरकत्या वादळाची सकाळची बातमी दुपारी शिळी होते. मालिका पाहत बसलेल्या गृहिणीपर्यंत ताजी सूचना पोचवायची, तर ती मालिकेच्या मध्येच द्यावी लागते.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. १९८७ च्या राज्यघटनेने फिलिपिनो ही राष्ट्रभाषा ठरविली; त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘टीव्ही पॅट्रोल’ने त्या भाषेतील बातमीला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. तथापि वाक्य देशी झाले, तरी शास्त्रीय संज्ञा पुष्कळदा इंग्रजीच राहिल्या.

त्याची किंमत ८ नोव्हेंबर २०१३ रोजी मोजावी लागली. ‘योलांदा’ (हैयान) हे महाचक्रीवादळ ताक्लोबान शहरावर कोसळले. ‘स्टॉर्म सर्ज’ येणार, अशा सूचना आधीच दिल्या गेल्या होत्या. वादळाच्या जोराने समुद्राचे पाणी फुगून भूमीवर चढते, हा त्या संज्ञेचा अर्थ. तो अनेकांना उमगला नाही. त्यांनी वाऱ्याची तयारी केली, पाण्याची नव्हे. ‘त्सुनामी’ म्हटले असते तर आम्ही पळालो असतो, असे वाचलेल्यांपैकी कित्येकांनी पुढे सांगितले. त्या वादळात देशभरात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. वस्तुतः फिलिपिनोत ‘दालुयोंग’ हा शब्द होता. त्याची आठवण मोठ्या प्रमाणावर झाली ती नंतर. शिवाय ताक्लोबानची घरची भाषा वाराय. फिलिपिनोदेखील तेथे शाळेत व पडद्यावरच अधिक भेटते.

सविस्तर बातमीपत्रात कठीण शब्दाचा उलगडा करता येतो. एका मिनिटाच्या बातमीला तेवढी सवड नसते. तेथे शब्दानेच आपला अर्थ सांगितला पाहिजे. परिभाषा घडविताना आपण शुद्धतेची चिकित्सा करतो, आणि ती करावीच. परंतु तो शब्द ऐकून किनाऱ्यावरचा माणूस उठून उंचावर जाईल काय, ही कसोटी त्याहून मोठी आहे.