आबांचा ओव्हरटाइम

‘वर्क-लाइफ बॅलन्स’ हा शब्द माझ्या आजोबांनी कधी ऐकला नव्हता. त्याचा हिशेब मात्र ते डायरीत लिहून ठेवत होते!

ऑफिसमधून निघायला उशीर झाला की तुम्ही घरी काय मेसेज टाकता? ‘रनिंग लेट’. जोडीला एक सॉरीवाला स्मायली. झालं, सुटलो! माझ्या आबांकडे, म्हणजे आजोबांकडे, ही सोय नव्हती. घरात फोनच नव्हता. कारखान्यात ओव्हरटाइम लागला की आजीला ते कळायचं सायकलची घंटी वेळेवर वाजली नाही म्हणून.

आबा गेल्या वर्षी गेले. परवा रावेतच्या घरातलं त्यांचं लोखंडी कपाट आवरायला मी आणि पप्पा बसलो. आत एक एचएमटीचं घड्याळ, पीएफच्या पावत्या आणि कंपनीकडून दिवाळीला मिळालेल्या डायऱ्यांचा गठ्ठा.

आबा मूळचे बार्शी तालुक्यातले. 1972च्या दुष्काळात ते 23 वर्षांचे होते. पप्पा तेव्हा तान्हे. दुष्काळी कामावर आबांनी खडी फोडली. सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढले. पुढच्या वर्षी बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी गाठली आणि तिथून पुणे. एक वळकटी आणि गावातल्या एकाचा पत्ता, एवढंच सामान.

इकडे तेव्हा वेगळीच धामधूम होती. 1954मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. 1962मध्ये एमआयडीसी आली. मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी वर्कशॉप्स. 1970ची पिंपरी-चिंचवड नगरपालिका 1982मध्ये महापालिका झाली, ती अशाच वळकटीवाल्यांच्या जोरावर. आबांना आकुर्डीत एका कारखान्यात लेथवर काम मिळालं. आधी टेम्पररी, मग पर्मनंट. मग आजी आणि पप्पा आले, आत्याचा जन्म झाला. संसार दहा बाय बाराच्या खोलीत.

‘आबा म्हणजे फॅमिली मॅन’ असं मी मैत्रिणींना नेहमी सांगायचे. माझ्या वाट्याला आलेले आबा तसेच होते. शाळेत सोडणारे, पेरू कापून तिखटमीठ लावून देणारे. पप्पांचं म्हणणं वेगळं. ते एकदा म्हणाले होते, “आमच्या लहानपणी आबा घरी आहेत याचा अर्थ एकच होता. आवाज करायचा नाही. तिसरी पाळी करून झोपलेले असायचे.”

म्हणजे कुटुंबासाठी राबणारा माणूस कुटुंबात नव्हताच की काय? हा प्रश्न माझ्या डोक्यात होता, आणि मग डायऱ्या उघडल्या.

प्रत्येक महिन्याच्या शेवटी दोन रकाने. डावीकडे ‘ओ.टी.’ आणि तास. कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो, त्यामुळे त्यासाठी चढाओढ असायची. उजवीकडे त्या पैशांचं काय झालं ते. ‘4 तास – वह्या.’ ‘6 तास – ताईचा चष्मा.’ ‘8 तास – आईला मनिऑर्डर.’ आबांनी रुपये लिहिलेच नव्हते. प्रत्येक वस्तूची किंमत त्यांनी तासांत मांडली होती.

1984च्या डायरीत एका तारखेपुढे लिहिलं होतं, ‘ओ.टी. नाही. शाळेत गेलो. पोराचं बक्षीस. गर्दी होती, मागून पाहिलं. दुसऱ्या पाळीला परत.’

पप्पांना सातवीच्या स्कॉलरशिपचं बक्षीस मिळालं तो दिवस. “आबा आलेच नव्हते,” हे पप्पांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितलंय. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा पुसला. मग म्हणाले, “सांगायचं ना हो आबा.”

चाळीस वर्षं दोघं एकाच घरात जेवले, आणि एवढं एक वाक्य राहून गेलं.

ज्या घरात आम्ही बसलो होतो, तेही अशाच तासांचं. 1993मध्ये आबांनी रावेतला गुंठाभर जागा घेतली. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट. लोक हसले होते, ‘तिकडं शेतात कोण राहणार?’ 1997मध्ये गाव महापालिकेत आलं. आज भोवती टॉवर आहेत. त्यातल्या टू बीएचकेंमधून रोज सकाळी हिंजवडीकडे गाड्यांची रांग लागते. त्यात मीही असते, मीटिंगला उशीर झालेली.

रिटायर झाल्यावर आबा रोज पवनेवरच्या रावेत बंधाऱ्यापर्यंत फिरायला जायचे. इथूनच पाणी उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून शहरभर. मी एकदा विचारलं होतं, “आबा, तुम्हाला कंटाळा नाही यायचा रोज तेच काम करायचा?” ते म्हणाले, “यायचा की. पण घरी चार तोंडं होती, पोरी.” मी हसून विषय बदलला. पुढचं विचारायला हवं होतं.

आता रविवारी पप्पा आणि मी त्या वाटेनं फिरायला जातो. मोबाइल घरी ठेवून. पप्पा कमी बोलतात, आबांवरच गेलेत. पण गेल्या रविवारी त्यांनी आपल्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली. अठ्ठावीस वर्षांत मी ती पहिल्यांदा ऐकली.

तुमचे आजोबा असतील तर या वीकेंडला मॉल राहू दे. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, पहिल्या पगाराचं काय केलंत? आणि तुमचंही काही मागून पाहिलेलं, न सांगितलेलं असेल, तर सांगून टाका. डायरी सापडेपर्यंत थांबू नका.