लेबलवरची ३२

आगाशीहून उल्हासनगरला जीन्स घ्यायला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. बसने विरार, लोकलने वसई रोड, मेमूने दिवा आणि पुन्हा लोकलने विठ्ठलवाडी. तरी घरात दोन-तीन जीन्स एकदम लागल्या की मी हाच रस्ता धरते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलेलं हे शहर. तिथे गल्लीबोळांत जीन्स शिवल्या जातात, आणि मोठ्या नावाचे पैसे वाचतात.

निघण्यापूर्वी घरातली सगळ्यांत छान बसणारी जुनी जीन्स पलंगावर पसरायची. कंबर, पुढचं आसन, मांडी, आतली उंची आणि बॉटम टेपने मोजून कागदावर लिहायचं. लेबलवरच्या ३२वर विसंबू नका. एका दुकानातली ३२ टेपला ३४ भरते, दुसरीकडची खरोखर ३२ असते. कंबर इंच-दीड इंच सैल असली, पाय लांब असले, तर आमच्या चाळपेठेतला शिंपी ते थोड्या पैशांत आल्टर करून देतो. मूळ बॉटमची पट्टी राखायला मात्र आठवणीने सांगावं. आसन किंवा मांडी आवळत असेल, तर कितीही स्वस्त असो, परत ठेवा. तिथे सोडायला कापडच नसतं. जीन्स चढवून मांडी घालून बसता आलं पाहिजे, एवढी एक परीक्षा दुकानातच घ्यावी.

मग जीन्स उलटी करून पाहा. आतून ती पांढरट दिसते, कारण उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. निळीच्या कुंडातून धागा बाहेर येतो तेव्हा पिवळट हिरवा असतो, हवा लागली की निळा होतो. असं पुन्हा पुन्हा बुडवूनही नीळ वरच्या थरातच बसते, गाभा पांढरा राहतो. म्हणून गुडघे आणि खिशांच्या कडा आधी विटतात. मीठ घातल्याने रंग पक्का होतो ही समजूत इथे कामाची नाही.

जाड्याभरड्या सुती कापडाशी मुंबईचं नातं जुनं आहे. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या डोंगरीवरून गेला. पुढे १८७३ मध्ये जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लीवाय स्ट्रॉस यांनी अमेरिकेत तांब्याच्या रिव्हेटचं पेटंट घेतलं आणि कामकऱ्यांच्या पँटचे खिसे उसवायचे थांबले.

मी मुद्दाम गडद, न विटवलेली जीन्स घेते. उल्हासनगरच्या धुलाई कारखान्यांचं रंगीत पाणी वालधुनी नदीत जात होतं. प्रकरण न्यायालयात गेलं, कारखान्यांवर बंदी आली आणि कित्येकांचा रोजगार गेला. दुकानात विकत घेतलेला विटकेपणा अशाच धुलाईतून येतो. वर्षभर वापरली की जीन्स आपोआप विटते, तेही आपल्या चालण्या-बसण्याप्रमाणे.

रोज धुऊ नका. डाग पडला तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने पुसा. धुताना उलटी करून, गार पाण्यात, सौम्य साबणाने, पहिल्यांदा वेगळी. ब्रशने घासू नका. कापडात इलॅस्टिकचा धागा असेल तर गरम पाणी आणि कडक इस्त्री दोन्ही टाळा, नाहीतर गुडघे लोंबतात. जवळच्या अर्नाळ्याच्या खाऱ्या वाऱ्यात आमच्याकडे कपडे लवकर सुकत नाहीत. पावसाळ्यात कंबरपट्टी आणि खिसे ओले राहून कुबट वास येतो. तेव्हा खिसे बाहेर काढून, कंबरेकडून दोन चिमट्यांनी, सावलीत, पंख्याखाली वाळत घाला.