उन्हाळ्यात नागपूरहून कॅराव्हॅनने

कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेले वाहन. अशा वाहनातून होणाऱ्या पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये स्वतंत्र धोरण स्वीकारले. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत चढत असल्याने, पत्र्याच्या अशा घरात राहणाऱ्यांनी ठिकाण निवडताना सर्वप्रथम समुद्रसपाटीपासूनची उंची पाहावी, कारण दर हजार मीटर चढाईमागे हवेचे तापमान साधारणतः सहा अंशांनी घटते. नागपूर सुमारे 310 मीटरवर, तर अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर असल्याने तेथे चार-पाच अंशांचा, आणि रात्री विशेष जाणवणारा, दिलासा मिळतो. सातपुड्यातील पचमढीची उंचीही जवळपास तेवढीच आहे. ताडोबात उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता वाढते, हे खरे. परंतु लहान मुले व वृद्ध सोबत असतील, तर सपाटीवरील त्या उष्णतेत वाहनात मुक्काम करणे योग्य नव्हे. चिखलदऱ्याचे धबधबे मे महिन्यात कोरडे असतात, तरी गाविलगड आणि कॉफीचे मळे पाहता येतात. मात्र घाट वळणावळणाचा असल्याने इंधन व पिण्याचे पाणी परतवाड्यातच भरून, चढण दिवसाउजेडी पार करावी.