गावाची जागल

कणसात दाणा भरू लागला की खेड्यातला माणूस रात्री घोंगडी खांद्यावर टाकून शेताकडे निघतो. वाटेत कुणी विचारलं, 'कुठं चाललास?' तर तो म्हणतो, 'जागलीला.' रानडुकरांनी पीक तुडवू नये म्हणून तो माळ्यावर बसतो, मधूनच हाळी देतो, डबा वाजवतो. डुकराशी झुंज घ्यावी असे त्याच्या मनात नसते. येथे माणूस जागा आहे, एवढे डुकराला कळले म्हणजे त्याचे काम झाले. पिकाची ही जागल आपल्या अंगवळणी पडलेली आहे. आज मला बोलावयाचे आहे ते गावाच्या जागलीविषयी. गावातल्या लोकांनी आपण होऊन, पगाराविना, पाळीपाळीने गावाची राखण कशी करावी याविषयी.

अशी राखण हवी कशाला, असे कोणी म्हणेल. पोलीस आहेत, त्यांना सरकार पगार देते. खरे आहे. परंतु एका पोलीस ठाण्याकडे कितीतरी गावे आणि वाड्यावस्त्या असतात, आणि रात्री ठाण्यात असणारी माणसे मोजकी. विहिरीवरची मोटार, तिची केबल, स्टार्टर, डीपीमधली तांब्याची तार, गोठ्यातल्या शेळ्या या वस्तू रानात नाहीतर वस्तीवर असतात. चोराला लागतो अर्धा तास. पोलिसांची गाडी ठाण्यातून निघून वस्तीवर पोचेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. हा मधला अर्धा तास गावाचा स्वतःचा आहे. तो गावानेच सांभाळावयास पाहिजे. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

ही कल्पना नवी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावच्या राखणीची जुनी व्यवस्था कशी होती, ती कुणाच्या जिवावर चाले, हे त्यात वाचावयास मिळते. महार, रामोशी, काही भागांत भिल्ल, यांच्याकडे हे काम असे. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यातही या जागल्याचे वर्णन आहे. गावात कोण आले, कोण गेले हे त्याने ध्यानात ठेवावयाचे. चोरी झाली तर पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचे आणि पुढचा माग शेजारच्या गावच्या जागल्याच्या हवाली करावयाचा. या व्यवस्थेचे बळ तलवारीत नव्हते. ते ओळखीत होते. आपल्या गावचा माणूस कोण, त्याची चाल कशी, कुणाचे जनावर कुठे बांधलेले असते, हे जागल्याला तोंडपाठ असे.

पण या व्यवस्थेचा दोषही सांगितला पाहिजे. ही राखण काही लोकांवर जन्माने लादलेली होती. ज्याने वेशीवर रात्र काढावयाची, त्यालाच वेशीच्या आत मान नव्हता. पुढे इंग्रजी अमलात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि त्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. त्या जमातींना आपण 'विमुक्त' म्हणतो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशीही आहेत, हे ध्यानात घ्या. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाव राखले, त्यांच्या माथी हे आले! १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली. जुनी घडी मोडली हे चांगलेच झाले. परंतु तिच्याबरोबर राखणीची सवयही मोडली. ती सवय परत आणावयाची आहे, पण सर्वांच्या खांद्यावर सारखे ओझे ठेवून.

कायद्यात याला जागा आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ अन्वये गावाला पोलीस पाटील असतो. तो आज वतनदार नाही. प्रांताधिकाऱ्यांनी नेमलेला, गावातली खबर ठाण्याला देणारा तो दुवा आहे. शिवाय १९५१ च्या पोलीस अधिनियमात, कलम ६३-ब अन्वये, पोलीस अधीक्षकांना गावोगाव स्वयंसेवकांची ग्रामसुरक्षा दले उभारता येतात. म्हणजे दल सुरू करावयाचे तर पहिली पायरी ठरलेली आहे. ग्रामसभेत विषय काढावा, ठराव करावा, नावांची यादी पोलीस पाटलामार्फत ठाण्यात द्यावी आणि ठाणेदारांना एकदा गावात बोलवावे. चार तरुणांनी पारावर बसून परस्पर 'आम्ही दल काढले' असे जाहीर करू नये. ज्या दलाची ठाण्यात नोंद नाही, त्याच्या हातून काही बरेवाईट घडले तर जबाब कोण देणार?

आता पाळ्यांचा हिशोब पाहू. समजा, गावात दोनशे घरे आहेत आणि त्यांपैकी १२० घरांनी प्रत्येकी एक माणूस दिला. रात्रीच्या दोन पाळ्या करा, दहा ते दीड आणि दीड ते पाच. एका पाळीला चार जण. म्हणजे एका रात्रीला आठ माणसे लागली. १२० ला आठाने भागा. पंधरा रात्रींनी एकाची पाळी येते. महिन्यातून दोनदा, साडेतीन तास. एवढे काही फार नाही. पण बारा हौशी पोरांनीच रोज जागावयाचे ठरवले, तर तिसऱ्या आठवड्यात दल झोपलेच म्हणून समजा. चौघांत दोन वयस्क आणि दोन तरुण असावेत. एकाच भावकीचे किंवा एकाच आळीचे चौघे एकत्र घालू नयेत. मिश्र तुकडीत जुन्या भांडणाचा वचपा काढता येत नाही, आणि अंधारात तोंडओळख वाढते ती वेगळीच.

सामान काय लागते? चांगली बॅटरी, शिट्टी, काठी, चार्ज केलेला मोबाइल आणि एक वही. काठी कुत्र्यासाठी आणि सापासाठी. वही मात्र विसरावयाची नाही. किती वाजता निघालो, कुठे फिरलो, काय दिसले, कुणाला कळवले, एवढे चार ओळींत लिहावे आणि चौघांनी सह्या कराव्यात. ही वही सकाळी पोलीस पाटलाकडे जावी. 'अमक्या वाहनाचा नंबर, पांढरा टेम्पो, रात्री दोन वाजता ओढ्याजवळ उभा' अशी एक ओळ पुढे तपासाला उपयोगी पडू शकते. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. नाशिक, पुणे या जिल्ह्यांतील कितीतरी गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणाही घेतली आहे. तीत एका ठराविक क्रमांकावर फोन करून निरोप दिला की तोच निरोप गावातल्या नोंद केलेल्या सगळ्या मोबाइलवर एकदम ऐकू जातो. जुन्या दवंडीचेच हे नवे रूप म्हणा ना.

येथवरचा भाग सोपा आहे. आता जो सांगतो, तो कठीण आहे, आणि खरे तर त्यासाठीच हे भाषण.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. लोकांना संशय आला. त्या पाचही जणांना मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथे ते मारले गेले. त्यांनी कुणाचेही मूल पळवले नव्हते. दोनच वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचा जमावाने असाच जीव घेतला. तेव्हा टाळेबंदी होती, चोर आणि मुले पळवणारे फिरतात अशी त्या भागात अफवा होती, आणि लोक रात्री पहारा देत होते.

'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. येथे ती हसण्यासारखी राहिली नाही.

त्या गावांतील माणसे आपल्यासारखीच होती. त्यांनाही आपल्या मुलांची काळजी होती. मग चुकले कुठे? जागरण होते, पण शिस्त नव्हती. पहारा होता, पण काय करावयाचे नाही हे कुणी आधी ठरवले नव्हते. भ्यालेली शंभर माणसे अंधारात एकत्र आली की तिथे विचार कोणाचाच चालत नाही. म्हणून दलाचा पहिला नियम हा की जागल्याचे काम पाहणे, ओरडणे आणि कळवणे एवढेच आहे. हात उगारणे हे त्याचे काम नव्हे. शेतातला जागल्या डुकराच्या अंगावर धावून जात नाही, हे मी सुरुवातीला सांगितले ते यासाठीच.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल तर सामान्य माणसालाही गुन्हेगाराला धरता येते. परंतु विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. 'डोळ्यांदेखत' हा शब्द महत्त्वाचा. संशयावरून नव्हे, कुणी सांगितले म्हणून नव्हे. जीव वाचवण्यापुरता प्रतिकार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण धरलेल्या माणसाला मारणे हा बचाव नव्हे, तो गुन्हा आहे. त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कुणाचा जीव घेतला तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा सांगितली आहे. 'मी नुसता एक फटका दिला' ही सबब चालत नाही.

मग परका माणूस दिसला तर काय करावे? आपल्या मुलखात परका माणूस येणारच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मेंढपाळ वाडे घेऊन फिरतात. डवरी गोसावी, वैदू, नंदीवाले, मरिआईवाले गावोगाव जातात. पारध्यांचे पाल माळावर पडते. हे सारे लोक आपलेच आहेत. पाल पडले की दिवसाउजेडी पोलीस पाटलाने जावे, राम राम करावा, नाव-गाव विचारून वहीत लिहावे, किती दिवस राहणार ते विचारावे, पाणी कुठे मिळते ते सांगावे. एवढे केले की तो माणूस परका राहिला नाही. रात्री काही ओरड झाली तर त्यालाही आपण ओळखतो. संशय घेण्यापेक्षा ओळख करून घेणे हा राखणीचा अधिक पक्का मार्ग आहे. जुना जागल्या नेमके हेच करीत होता.

शिक्षक मंडळींना येथे एक काम करण्यासारखे आहे. मोबाइलवर एखादी चित्रफीत आली, 'अमक्या तालुक्यात टोळी पकडली' असा निरोप आला, तर गावात पुष्कळांची नजर गुरुजींकडे वळते. तेव्हा गुरुजींनी किंवा बाईंनी ठाण्याला फोन करून खरे-खोटे विचारावे आणि मिळालेले उत्तर शाळेच्या फळ्यावर लिहावे. खरे कळेपर्यंत तो निरोप कुणी पुढे पाठवावयाचा नाही, असा नियम दलानेच करावा. वरच्या वर्गातल्या मुलांकडून गावाचा मोठा नकाशा काढून घ्यावा. वस्त्या, विहिरी, डीपी, अंधाऱ्या वाटा, बंद घरे त्यावर दाखवावीत. भूगोलाचा धडाही होतो आणि गस्तीला वाटही मिळते.

स्त्रियांना विसरू नका. घरफोडी काही रात्रीच होते असे नाही. सुगीत सारे गाव रानात गेलेले असते, तेव्हा भरदुपारी कुलूप तुटते. त्या वेळी गावात असतात त्या म्हाताऱ्या आजी, लेकुरवाळ्या बाया, अंगणवाडीच्या ताई. दिवसाची जागल त्यांचीच आहे, आणि ती त्या आजही न सांगता करतातच. त्यांची नावे यादीत घाला, त्यांच्या हाती दलाचा फोन नंबर द्या, सभेत त्यांना बोलू द्या.

आणखी दोन-तीन गोष्टी. दारू प्यालेल्या माणसाला गस्तीवर घेऊ नये, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना. दलाचा निवडणुकीशी संबंध ठेवू नये. कोणाच्या घरी कोण आले, कोणती मुलगी कोणाशी बोलली, हे जागल्याने पाहावयाचे नाही आणि वहीत तर मुळीच लिहावयाचे नाही. राखण गावाची करावयाची आहे, माणसांच्या खाजगी आयुष्याची नव्हे. महिन्यातून एकदा वही सर्वांपुढे वाचावी. चुकले असेल ते तिथल्या तिथे सांगावे.

पुष्कळ दले चोरीनंतर आठ दिवस जोरात चालतात आणि मग थंडावतात. महिनाभर काहीच घडले नाही की लोक म्हणतात, 'उगीच जागतो आहोत.' अहो, काही घडले नाही हीच तर जागलीची कमाई! पीक घरात आले म्हणून माळ्यावरच्या रात्री फुकट गेल्या, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. वहीत रोज 'सर्व ठीक' एवढीच ओळ पडावी, गावातले कुणी लुटले जाऊ नये आणि गावात आलेला वाटसरू सुखरूप पुढे जावा. दोन्ही गोष्टी साधल्या तर त्या गावाने जागल केली असे म्हणावे. येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी काढावा, एवढीच विनंती.