बीं कोणाच्या कणगींतलें?

नांदेड आणि कापूस यांचा संबंध आमच्या पिढीस शाळेंत शिकवावा लागला नाहीं. येथील गावराणी कापूस निजामी अमदानींतही नांवाजलेला होता. पुढें १९८० नंतरच्या दशकांत येथील संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण कोरडवाहू रानांत घरोघर पोहोंचला. असें असूनही आज आमचा शेतकरी मृगाच्या तोंडावर जें पाकीट आणतो, त्यांतील मर्माची वस्तु नांदेडची नव्हे आणि भारताचीही नव्हे.

ती वस्तु म्हणजे बीटी जनुक. मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीचें हें तंत्र जालन्याच्या महिको कंपनीच्या भागीदारींतून इकडे आलें व मार्च २००२ मध्यें त्यास केंद्र सरकारची परवानगी मिळाली. बोंडअळी हटली, फवारण्या कमी झाल्या, हें आरंभींचें यश नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु दुकानांत पाकिटांवरील नांवें पाहावीं तों अनेक, आणि आंतलें जनुक बहुतेकांत एकाच घरचें! नांवांची गर्दी दिसली म्हणजे निवडीस वाव आहे असें आपणांस वाटतें; फसगत होते ती येथेंच. त्यांतून हें बियाणें संकरित, म्हणून घरची सरकी पुढील वर्षीं पेरून भागत नाहीं. दरसाल दुकान गांठलेंच पाहिजे.

डिसेंबर २०१५ मध्यें सरकारनें किंमत-नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ सालीं ४५० ग्रॅमच्या पाकिटास ८०० रुपये भाव ठरला व त्यांत तंत्राच्या मालकाचा वांटा ४९ रुपये. त्याच वर्षीं कंपनीनें पुढील पिढीच्या तंत्राचा अर्ज परत घेतला. भाव बांधतां येतो. दुसरा पुरवठादार मात्र हुकुमानें उभा राहत नाहीं. इकडे गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-२ मधील दोन्ही जनुकांस सरावली आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रभर बोंडें पोखरलीं गेलीं. मधल्या काळांत मागें पडलेला नांदेड-४४ परभणीच्या कृषि विद्यापीठानें पुन्हा पुढें आणला खरा, पण तोही बोलगार्ड-२ चेंच जनुक घेऊन!

लातूरकडे सोयाबीनची गोष्ट निराळी. तें स्वपरागीभूत, घरचें बीं कांहीं वर्षें पेरलें तरी जात बिघडत नाहीं. आमच्या पुतण्याचें रान तिकडे आहे. २०२० च्या खरिपांत त्यानें निम्मे बियाणें विकतचें आणलें, निम्मे घरचें ठेविलें. सूनबाईंनीं घरच्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून पाहिले. ऐंशींस मोड आले. विकतच्या पोत्याची परीक्षा कोणीं केली नाहीं, कारण त्यावर शिक्का होता. त्या अर्ध्या रानांत दुबार पेरणी करावी लागली. त्या वर्षीं मराठवाड्यांत अशा तक्रारी गांवोगांव होत्या.

यंदा नांदेडच्या शेतांतील चार एकरांपैकीं एका एकरांत, ज्याची सरकी राखून ठेवतां येते असा देशी कापूस लावावा, असें आम्हीं घरांत सुचविलें. थोरल्या चिरंजीवांनीं उताऱ्याचा हिशेब कागदावर मांडून तें अमान्य केलें. हिशेबांत चूक काढणें आम्हांस जमलें नाहीं. वाद अद्याप मिटलेला नाहीं. परभणीहून बीं मात्र आम्हीं आणवून ठेविलें आहे.