मुतखडा : दोष दुधाचा की न मिळणाऱ्या पाण्याचा?

वस्तीत काम करताना आम्ही वारंवार ऐकतो, "मुतखडा झाला, म्हणून दूध बंद केलं." हा गैरसमज दूर व्हायला हवा.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातून गाळले गेलेले ९८ ते ९९ टक्के कॅल्शियम पुन्हा रक्तात घेतले जाते. रक्तातले कॅल्शियम घटले, की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक मूत्रपिंडांना ते आणखी राखून ठेवायला लावते. उरलेले लघवीतून जाते. लघवी कमी आणि दाट झाली, की हेच कॅल्शियम बहुतेक वेळा ऑक्झलेटशी जुळते, त्याचे स्फटिक होतात आणि ते साठून खडा बनतो.

मग दुधाचे काय? जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधते आणि ते शौचावाटे निघून जाते. दूध-दही सोडले, तर उलट जास्त ऑक्झलेट लघवीत उतरते. जास्त मीठ मात्र लघवीतले कॅल्शियम वाढवते. लोणचे-पापडाला आवर घालावा, तो यासाठी.

सर्वांत मोठा उपाय पाणी. पण उन्हात राबणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी जवळ शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना "भरपूर पाणी प्या" एवढे सांगून भागणार नाही. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय मिळावे, ही मागणी आपण कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.

आणि पोटदुखीसोबत ताप आला किंवा लघवी अडली, तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा.